बाहाच्या बग्गीचं मागचं सस्पेन्शन : नट फिरवण्याआधी या चुका टाळा

बाहा एसएई इंडिया ही कॉलेजच्या पोरांची ऑफ-रोड बग्ग्यांची स्पर्धा २००७ पासून सुरू आहे. कॉलेजच्या टीम स्वतः बांधलेल्या बग्ग्या घेऊन इंदूरजवळच्या पीथमपूरच्या ट्रॅकवर उतरतात, आणि चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे दमाच्या शर्यतीत, पहिल्याच तासात निम्म्या गाड्यांचं मागचं टोक काहीतरी कुरकुर करायला लागतं. पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरच्या आसपास. त्यामुळे फरक पडतो तो वजनात आणि सस्पेन्शनमध्ये. पुढच्या सस्पेन्शनवर पोरं महिनोन्महिने घालवतात, कारण त्याला स्टिअरिंग असतं, जॉमेट्री असते, रिपोर्टात रंगीत आलेख टाकता येतात. मागचं मात्र ‘बसवून बघू’ म्हणत उरकतात. आमच्या वर्कशॉपमध्ये दर सीझनला टीम येतात आणि त्यांच्या चुकाही त्याच त्या असतात. एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात लाडकी चूक आधी घेतो. मोशन रेशो, म्हणजे चाकाच्या हालचालीच्या तुलनेत शॉक अ‍ॅब्झॉर्बर किती दबतो तो आकडा, हिशेबात एकदाच धरायचा.

शॉक काही चाकाच्या मध्यावर बसत नाही, तो आर्मवर, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्यावर, कुठेतरी आत बसतो. चाक १०० मिली (मिलीमीटर) वर गेलं आणि शॉक ६० मिली दबला, तर रेशो ०.६. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना या रेशोचा वर्ग घ्यावा लागतो. एकदा हालचाल कमी होते म्हणून आणि दुसऱ्यांदा चाकापर्यंत बळ कमी पोचतं म्हणून. ०.६ चा वर्ग ०.३६. म्हणजे स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिलीची असेल तर चाकाला ती फक्त ९ ची वाटते.

एका टीमचं उदाहरण सांगतो, नाव नको. ड्रायव्हरसकट गाडी २४० किलो, त्यातलं साठ टक्के मागे, म्हणजे एका चाकावर ७२ किलो. चाक, हब, ब्रेक आणि अर्धा आर्म वजा केला की स्प्रिंगवरचं वजन ५८ किलो. त्यांना मागे दोन हर्ट्झच्या आसपास फ्रिक्वेन्सी हवी होती, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला दोनदा झुलावी, आणि ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची एकूण वर-खाली हालचाल, २०० मिली. चाकाशी ९ न्यूटन प्रति मिली लागणार, हेही त्यांनी बरोबर काढलं होतं. मग ९ ला ०.६ ने एकदा भागलं, १५ आले, आणि १५ च्या स्प्रिंग बनवून घेतल्या. लागणार होत्या २५ च्या.

गाडी जॅकवरून खाली ठेवली आणि मागून बसली. २०० पैकी १०५ मिली उभ्या-उभ्याच संपले. आता इथे कुणीही थांबून वही उघडायला हवी. टीमचा कॅप्टन मला म्हणाला, “दादा, नट जरा वर घेतला की झालं की.” आणि त्यांनी घेतला. पंचवीस मिली. गाडी ऐटीत उभी राहिली, फोटोही निघाले.

शॉकवरचा नट फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं म्हणजे प्रीलोड. प्रीलोडने गाडीची उंची बदलते. स्प्रिंग कडक होत नाही. हे वाक्य मी वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून घेणार आहे. त्यांच्या चाकाशी कडकपणा होता ५.४ आणि नट फिरवल्यावरही तो ५.४ च राहिला. योग्य स्प्रिंग असती तर ट्रॅव्हल संपताना तिने चाकाला १८०० न्यूटनने अडवलं असतं. यांची १२०० च्या आतच दमली. सपाट मैदानावर हे कळत नाही, तिथे सगळंच छान चालतं.

उंचवट्यावरून गाडी पहिल्यांदा उडाली तेव्हा मागून धातूवर धातू आपटल्याचा ठण्ण आवाज आला. तिसऱ्या-चौथ्या उडीला डाव्या शॉकचा वरचा ब्रॅकेट, तीन मिलीच्या पत्र्याचा, वेल्डसकट उखडला. टीमचं निदान : वेल्डिंग वाईट. वेल्डरला फोन लावून झापलंसुद्धा बिचाऱ्याला. मी शॉक काढून हातात घेतला. आतला बम्प रबर, म्हणजे शॉक पूर्ण दबताना शेवटचा दणका झेलणारा रबर, कोरा करकरीत, त्यावर दाबल्याची खूणही नव्हती. आणि स्प्रिंगच्या वेढ्यांवरचा पावडर कोट, वेढे जिथे एकमेकांना भिडतात तिथे, उडून चकचकीत लोखंड दिसत होतं. स्प्रिंग एकूण १३० मिली दबू शकत होती. त्यातले २५ नटाने आधीच खाल्ले, उरले १०५, आणि शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याची लांबी, होता १२० चा. म्हणजे बम्प रबरला पोचायच्या आधीच सगळे वेढे चिकटून स्प्रिंगची भरीव नळी व्हायची आणि सगळा दणका सरळ ब्रॅकेटला. वेल्डरचा काय दोष?

तर ठण्ण आवाज आला की आधी दोनच गोष्टी बघायच्या : बम्प रबरवर खूण आहे का, आणि वेढ्यांचा रंग शाबूत आहे का. त्यानंतर हवी तेवढी भांडणं करा.

स्प्रिंग बनवून घेताना आणखी एक. तार अर्ध्या मिलीने जाड पडली तरी हिशेब कोसळतो, कारण कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० च्या जागी १०.५ ची तार म्हणजे स्प्रिंग एकवीस टक्के कडक. म्हणून बिलावर लिहिलेला आकडा मी मानत नाही. उभ्या ड्रिल मशीनच्या टेबलावर वजनकाटा, त्यावर स्प्रिंग, चकमध्ये बोथट दांडा. आधी थोडी दाबून घ्यायची, तिथून पुढे २० मिली दाबून काटा किती वाढला ते बघायचं. २५ ची स्प्रिंग असेल तर ५१ किलोच्या आसपास वाढायला हवा. दहा मिनिटांचं काम आहे. यापेक्षा चांगली पद्धत असेलही, मला हीच जमते.

दुसरी चूक स्क्रीनवर दिसत नाही म्हणून राहून जाते. चाक खाली लोंबकळल्यावर काय होतं हे कुणी बघतच नाही. सगळ्यांचं लक्ष चाक वर जाताना कुठे घासतं याकडे. पण गाडी हवेत गेली की मागची दोन्ही चाकं पूर्ण खाली येतात, गिअरबॉक्सपासून चाक फिरवणाऱ्या हाफ शाफ्टची लांबी पुरत नाही आणि त्याच्या आतल्या टोकाचा ट्रायपॉड सांधा कपातून बाहेर सरकतो. खाली आपटताना तो परत सरळ आत जाईल अशी आशा असते. तो जात नाही. सांध्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस सायलेन्सरवर उडतं आणि गाडी ट्रॅकच्या कडेला उभी.

कोनाचंही तसंच. आतला ट्रायपॉड सांधा साधारण वीस-पंचवीस अंशांपुढे कुरकुरतो, बाहेरचा जास्त सोसतो. वरच्याच गाडीत योग्य स्प्रिंग असती तर २०० पैकी ६३ मिली उभ्या-उभ्या गेले असते, म्हणजे उभ्या स्थितीपासून चाक १३७ मिली वर जातं. शाफ्ट उभ्या स्थितीत आडवा धरला आणि त्याची लांबी ४०० मिली असली, तर त्याचा कोन २० अंश होतो. गिअरबॉक्स रुंद आला म्हणून शाफ्ट ३०० वर आणला की तोच कोन २७ च्या पुढे. ट्रॅव्हल दोनशे मिली ठेवायचं की नाही हे शॉकच्या कॅटलॉगवर ठरत नाही, शाफ्टवर ठरतं. आणि मारुती ८०० चा जुना शाफ्ट आणून, मधून कापून, नळी चढवून वेल्ड मारणाऱ्यांना मी हात जोडतो. हीट ट्रीटमेंट केलेल्या शाफ्टला वेल्डचा ताव लागला की तो जोडाच्या शेजारीच पिळवटून तुटतो. नवा शाफ्ट वळवून घ्या, टोकांना स्प्लाइनचे दाते पाडून घ्या, पैसे जातील, जाऊ देत.

तपासायची माझी रीत जुनी आहे. गाडी स्टँडवर. दोन्ही शॉकवरून स्प्रिंग उतरवायच्या, नुसते शॉक परत लावायचे. हबखाली जॅक घालून चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत पंचवीस-पंचवीस मिलीने न्यायचं. प्रत्येक टप्प्यावर थांबून शाफ्ट हाताने आत-बाहेर ढकलून बघायचा. दोन्हीकडे थोडी तरी खेळ उरली पाहिजे. मार्करने शाफ्टवर खूण करायची म्हणजे किती सरकला ते कळतं. याच फेरीत ब्रेकची होज कुठे ताणते, आर्म चेसिसच्या नळीला कुठे भिडतो, शॉकचा डोळा ब्रॅकेटमध्ये कुठे अडकतो, हेही दिसतं. एक संध्याकाळ जाते. पोरांना कंटाळा येतो, कारण यात पोस्ट टाकण्यासारखं काही नसतं. चाक फारच खाली जात असेल तर नायलॉनचा पट्टा बांधा, चाक अडवायचं काम शॉकच्या आतल्या स्टॉपवर सोडू नका.

आता मागच्या सस्पेन्शनचा प्रकार निवडण्याकडे. ट्रेलिंग आर्म (चाकाच्या पुढून मागे येणारा एकच दांडा) घ्यायचा, एच-आर्म (एच आकाराचा खालचा आर्म) आणि वर कॅम्बर लिंक, की डबल विशबोन (वर-खाली दोन त्रिकोणी आर्म), हे पुष्कळ टीम मागच्या वर्षी जिंकलेल्या गाडीचे फोटो बघून ठरवतात. साधा ट्रेलिंग आर्म बनवायला सोपा, चाक वर-खाली होताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलत नाही. पण वळणात गाडी जितकी कलते तितकंच चाकही कलतं, आणि आडवा धक्का बसला की एकटा आर्म पिळला जातो. त्याच्या बुशांमध्ये अंतर भरपूर हवं, नाहीतर तो लांबलचक पान्हाच होतो आणि बुश उघडत बसतो. सेमी-ट्रेलिंगमध्ये, म्हणजे आर्मचं बिजागर तिरकं असताना, चाक वर जाताना टो (वरून बघता चाक आत-बाहेर वळलेलं असणं) बदलतो, तो मोजल्याशिवाय घेऊ नये. एच-आर्म आणि कॅम्बर लिंक मला आवडतं : टो एच-आर्मच्या दोन रुंद बुशांनी धरलेला, कॅम्बर एका लिंकने नीट करता येतो, वाकलं तर पिटमध्ये बदलता येतं. डबल विशबोनमध्ये शॉक आणि शाफ्ट एकाच जागेवर हक्क सांगतात. ज्यांना ती जागा काढता येते त्यांनी खुशाल घ्यावं. बाकीच्यांनी लोटस शार्क या सॉफ्टवेअरमधला सुंदर आलेख बघून हुरळून जाऊ नये.

गाडी वळत नाही ही तक्रार पुढच्या सस्पेन्शनची समजली जाते. बहुतेक बाहा गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. आखूड वळणात ती दोघं मिळून गाडी सरळ ढकलतात. पोरं पुढचा टो बदलतात, टायर बदलतात, ड्रायव्हर बदलतात. उपाय मागे असतो : मागची कलण्याविरुद्धची ताकद पुढच्यापेक्षा वाढवायची, अँटी-रोल बार (दोन्ही बाजू जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) घालून किंवा तो कडक करून, म्हणजे वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं, थोडं उचललंच जातं, आणि गाडी सुटून वळते. मॅन्यूव्हरेबिलिटीला, म्हणजे वळणांच्या चाचणीला, हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. रस्त्यावरच्या कारची पुस्तकं वाचून आलेल्याला चाक उचललेलं बघून घाम फुटतो, फुटू दे. पण बार फार कडक केलात तर खडकांत एक चाक अडलं की दुसरंही उचलतं, तेव्हा सुटा करता येईल असाच बसवा.

रिबाउंडचा नॉब, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा. गाडी आपटते म्हणून तो आवळणारे दर वर्षी भेटतात. एकामागोमाग एक ओंडके आले की आवळलेला शॉक पुढच्या ओंडक्याआधी पूर्ण उघडत नाही. प्रत्येक दणक्याला थोडा-थोडा आत राहतो आणि चौथ्या-पाचव्याला ट्रॅव्हलच उरत नाही. गाडी कडक झाल्यासारखी वाटते म्हणून मग स्प्रिंग मऊ करतात! पहिल्या ओंडक्याला ठीक आणि शेवटच्याला आपटते, तर रिबाउंड सोडा. पहिल्यालाच मागचं टोक लाथ मारल्यासारखं उसळतं, तर आवळा. एका वेळी एकच नॉब, दोन क्लिक, आणि वहीत लिहून ठेवा.

आता फुटकळ, पण दर वर्षीचं.

उंची मोजताना ड्रायव्हर हेल्मेटसकट आत बसलेला हवा. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दोन-चार हात पुढे-मागे ढकला, टायर मातीत अडकून गाडी उंच दाखवत असते. मागचा सॅग, म्हणजे उभ्या-उभ्या गाडी किती बसते ते, ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ठेवतो.

बाइकचे मागचे शॉक स्वस्त मिळतात, पण त्यांचा स्ट्रोक आखूड आणि डॅम्पिंग (हेलकावे शमवणं) दुसऱ्याच वजनासाठी. त्यातून ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) असेल तर उलटा किंवा फार आडवा लावू नका, तेलात हवा शिरते आणि शॉक नुसता पंप होतो.

रॉड एंडला (लिंकच्या टोकाच्या गोल सांध्याला) वाकवणारं बळ देऊ नका, तो ओढायला आणि ढकलायला आहे.

शॉकचा बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला हवा, एका कानावर लटकलेला नको.

बुश आत असताना वेल्ड मारायचा नाही. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

एअर शॉकमध्ये हवा भरताना चाक लोंबकळलेलं हवं, गाडी जमिनीवर असताना नाही. पीथमपूरला थंडीतल्या सकाळी दहा अंशांत भरलेली हवा दुपारी तीस अंशांत सात टक्के चढते, तेव्हा एन्ड्युरन्सआधी परत तपासा. आणि तपासायला पंप जोडलात की काटा आधीपेक्षा कमीच दाखवणार, कारण थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते. शॉक लीक आहे म्हणून वॉशर उघडत बसू नका, परत हव्या त्या आकड्यापर्यंत भरा आणि पंप काढा.