मधुमेही रुग्णाचा उपवास: परिचारिकेने काय करावे

‘उपवास करू नका’ असं दरडावलं की रुग्ण उपवास लपवतो आणि गोळी रिकाम्या पोटी घेतो. खरा धोका तिथेच. म्हणून आधी विचारा: निर्जळी की फराळाचा, सोडणार कधी?

ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांकडून डोस आदल्या दिवशीच ठरवून घ्या. साबुदाणा-बटाट्याने साखर झपाट्याने चढते. थोडी भगर, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे बरे.

घाम, थरथर, गरगरणं जाणवलं की लगेच रक्त तपासा. साखर ७० mg/dL च्या खाली असेल तर ३ छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. फराळाच्या उपवासाला साखर चालते, हे रुग्णाला आवर्जून सांगा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, डॉक्टरांना तातडीने बोलवा.