केस चालू आहे आणि राज्याबाहेर जायचंय? आधी हे करा

समजा पुण्यात केस चालू आहे, तुम्ही जामिनावर बाहेर आहात आणि बेंगळुरूला चांगली नोकरी लागलीय, तर जाता येतं का? बहुतेक वेळा येतं, पण कोर्टाला अंधारात ठेवून नाही, आणि लोक नेमके तिथेच अडकतात.

सगळ्यात आधी जामिनाच्या ऑर्डरची नक्कल काढा आणि स्वतः वाचा, कोणी तोंडी सांगितलेलं धरून चालू नका. काही ऑर्डरमध्ये तारखेला हजर राहा, साक्षीदारांवर दबाव आणू नका एवढंच असतं, तर काहींत जिल्ह्याची हद्द सोडायची नाही, ठरलेल्या वारी पोलीस स्टेशनला हजेरी, पासपोर्ट जमा अशा अटी असतात. बाहेर जायला मनाई नसली तरी नवा पत्ता आणि मोबाईल नंबर पुरसिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) देऊन कोर्टाला आणि तपास अधिकाऱ्यालाही लेखी कळवाच, कारण समन्स जुन्या घरी जातं, तिथे कुणी सापडत नाही, मग वॉरंट निघतं आणि ते भारतात कुठेही बजावता येतं. जामीनदारालाही सांगा, तुम्ही गायब झालात तर पैसे त्याला भरावे लागतात बिचाऱ्याला.

मनाई असेल तर अट शिथिल करायचा अर्ज लागतो आणि तो ज्या कोर्टाने जामीन दिला तिथेच, म्हणजे सेशन्सने घातलेली अट मॅजिस्ट्रेट बदलत नाहीत. सोबत ऑफर लेटर, भाड्याचा करार, तारखांना येईन असं हमीपत्र जोडा. सरकारी वकिलांचा से (म्हणजे लेखी म्हणणं) येईपर्यंत वेळ जातो, त्यात मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, त्यामुळे जॉइनिंगच्या आठवड्यात धावपळ करू नका. आणि ‘साहेब ठीक आहे म्हणाले’ यावर कृपा करून विसंबू नका, कोर्टाची अट पोलीस माफ करू शकत नाहीत.

आता तारखांचं. प्रत्येक पेशीला बेंगळुरूहून येणं परवडत नाही, म्हणून वकिलांमार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज असतो, नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू) कलम २२८ आणि ३५५. चेक बाउन्ससारख्या केसमध्ये तो तुलनेने सहज मिळतो, पण आरोप निश्चिती किंवा जबाबाच्या दिवशी कोर्ट हजर राहा म्हणू शकतं. ईकोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख स्वतः बघत जा. कारण नसताना हजर राहिला नाहीत तर जामीन रद्द होऊ शकतो, शिवाय बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत शिक्षेचा वेगळा गुन्हा लागतो.

परदेशात जायचं तर गोष्ट अवघड होते. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(एफ) मुळे फौजदारी केस कोर्टात प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना उशिरा कळते: ऑर्डरमध्ये पासपोर्ट किती वर्षांचा द्यायचा ते लिहिलेलं नसेल, तर साधारण एका वर्षाचाच हातात पडतो. म्हणून अर्जातच मुदत स्पष्ट मागा, आणि पासपोर्टची परवानगी व प्रवासाची परवानगी अशा दोन्ही मागण्या वेगळ्या लिहा, कारण पासपोर्ट मिळाला म्हणजे देश सोडायची मुभा मिळाली असं होत नाही. फॉर्ममध्ये केस लपवू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे. प्रवासाच्या अर्जाला जाण्या-येण्याच्या तारखा, तिकडचा पत्ता, कुणाकडे राहणार ते जोडा, कोर्ट बहुधा काही रक्कम जमा करायला सांगतं.

ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी विमानतळावर हातातल्या बॅगेत ठेवा, तुमच्या नावाने लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर अडवायची सूचना) असेल तर ते आधीच वकिलांकडून तपासून घ्या. परत आल्यावर पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स जोडून आलो म्हणून पुरसिस द्या, पुढच्या वेळी परवानगी मागताना तीच कामाला येते.