स्क्वॉटमध्ये उचलली जाणारी टाच आणि फ्लॉस बँड

स्क्वॉटला पूर्ण खाली बसलं की माझी उजवी टाच हमखास उचलली जायची. पोटऱ्या ताणून पाहिल्या, फरक शून्य. मग फ्लॉस बँड आणला, म्हणजे जाड रबरी पट्टी. (क्रेप बँडेज नको, ते फारच ढिलं.) पावलापासून घोट्यावरून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत घट्ट गुंडाळतो आणि दोनेक मिनिटं गुडघा भिंतीकडे ढकलत राहतो. बोटं बधिर झाली तर लगेच सोडायचं. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्यांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये. पट्टी सुटली की कातडीवर वळ, पाऊल लालबुंद, गरम. तसंच स्क्वॉटला बसलो तर टाच जमिनीला टेकलेली! घोट्याचा हा मोकळेपणा तात्पुरता असतो, म्हणून व्यायामाच्या तोंडावरच बांधतो. ताकद वाढल्याचं मात्र मला काही जाणवलं नाही.