टायटल बारवरचं आयकॉन धूसर दिसतंय? आधी लोड कसं करता ते बघा

विंडोजवर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये डेस्कटॉप अॅप लिहिताना बहुतेक जण सवयीने लोडआयकॉन वापरतात. ते फंक्शन सिस्टीमच्या मोठ्या आयकॉनच्या मापातच चित्र देतं. १०० टक्के स्केलिंगवर (स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दिसावं, ते ठरवणारं सेटिंग) ते ३२ बाय ३२ पिक्सेल. टायटल बारला, म्हणजे विंडोच्या वरच्या पट्टीला, मात्र १६ बाय १६ लागतं. तेच छोटं आयकॉन म्हणून दिलं, तर विंडोज ३२ चं चित्र दाबून १६ मध्ये बसवतं आणि कडा विस्कटतात. आयसीओ फाइलमध्ये (एकाच आयकॉनची वेगवेगळ्या मापांची चित्रं ठेवणारी फाइल) तुम्ही मेहनतीने काढलेलं १६ चं चित्र तसंच पडून राहतं!

त्याऐवजी लोडइमेज हे फंक्शन वापरा आणि रुंदी-उंची स्वतः द्या. पण १६ हा आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नका. १५० टक्क्यांवर २४ लागतं, २०० वर ३२. छोट्या आयकॉनचं माप गेटसिस्टममेट्रिक्स या फंक्शनला विचारा. फाइलमध्ये १६, २०, २४, ३२, ४८ आणि २५६ ही मापं असू द्या. नेमकं माप नसेल, तर लोडआयकॉनविथस्केलडाउन हे फंक्शन मोठं चित्र घेऊन लहान करतं. छोटं चित्र ताणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

लोडइमेजला देता येणारा शेअर्डचा फ्लॅग (एकदा लोड केलेलं चित्रच पुन्हा वापरायला सांगणारा पर्याय) जपून वापरा. तो दिला की आधी लोड झालेलं त्याच नावाचं आयकॉन, मागितलेलं माप न बघता, परत मिळू शकतं. मी शक्यतो तो टाळतो. पण मग चित्र मोकळं करणं आपल्यावर येतं: काम संपल्यावर आयकॉनसाठी डिस्ट्रॉयआयकॉन आणि बिटमॅपसाठी डिलीटऑब्जेक्ट बोलवायलाच हवं. एका प्रोसेसला जीडीआय हँडल (बिटमॅपसारख्या चित्रकामाच्या वस्तूंना विंडोज देतं ते क्रमांक) मूळ सेटिंगमध्ये १०,००० च मिळतात, आणि पेंटच्या, म्हणजे विंडो पुन्हा रंगवण्याच्या, प्रत्येक फेरीत एक बिटमॅप मोकळा न होता गळत असेल तर ते संपायला वेळ लागत नाही.