गाडी खोलायच्या आधी: लांब चालणाऱ्या रिस्टोरेशनची तयारी

जुनी गाडी रिस्टोर करायला घेतली की पहिले काही आठवडे उत्साहाची काळजीच नसते, बोल्ट सुटत असतात, पार्ट निघत असतात, रोज काहीतरी झालेलं दिसतं. काळजी त्यानंतरची करायची. अर्धवट सोडलेल्या गाड्या बघितल्या की मला तरी असंच वाटतं की पैसा किंवा हुन्नर कमी पडण्याआधी दुसरंच काहीतरी झालेलं असतं, काही निमित्ताने महिना-दोन महिने खंड पडतो आणि मग परत गाडीपाशी गेलं की कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. पिशव्यांवर नावं नाहीत, कुठला ब्रॅकेट कशाचा आठवत नाही, मग पुढच्या रविवारी बघू, आणि तो रविवार काही येत नाही. म्हणून खालची सगळी तयारी अशा माणसासाठी करायची जो तीन महिन्यांनी परत येणार आहे आणि सगळं विसरलेला असणार आहे, म्हणजे तुम्हीच. त्याला आल्या आल्या पाना हातात घेता आला की काम पुढे जातं.

पहिलं काम वहीत. गाडी कशासाठी हवी आहे ते एका वाक्यात लिहून काढा: रोज चालवायला, सुट्टीच्या दिवशी फिरायला, की कारखान्यातून निघाली होती तशीच प्रदर्शनात उभी करायला. या तिन्हींचा वेळ आणि खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मध्येच एकातून दुसऱ्यात गेलं की प्रोजेक्टला अंतच राहत नाही. मग कागदपत्रं, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात का ते बघा, हे गाडीला हात लावण्याआधी, नंतर नाही. मग पार्टचा अंदाज घ्या. जी गाडी खूप वर्षं आणि खूप संख्येने बनली तिचे पार्ट सहसा मिळतात, मूळची मिनी १९५९ ते २००० बनली, फोक्सवॅगनची बीटल तर मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तर १९८० ला गाडी बंद झाल्यावरही ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने अख्खी नवी बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, बनवायला घेतली. दुर्मिळ गाडी घ्यायची असेल तर घ्या, पण ती पूर्ण असलेली घ्या. सडलेला पत्रा बनवता येतो, इंजिन बांधता येतं, पण गायब झालेली काच, टेललाइटचं कव्हर, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरचं घड्याळ हे शोधण्यात वर्षं जातात आणि तिथेच माणूस कंटाळतो.

गाडी चालू अवस्थेत असेल आणि ब्रेक भरवशाचे असतील तर खोलायच्या आधी ती चालवून बघा, हे फार जण करत नाहीत. गिअर कुठला निसटतो, कुठला आवाज कधी येतो, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती राहतं, स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढतं, सगळं लिहा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) करून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवा. एकदा गाडी सुटी झाली की ही माहिती परत मिळत नाही आणि मग चांगला चालणारा गिअरबॉक्ससुद्धा निव्वळ शंकेपोटी उघडला जातो.

मग बॉडी. चुंबक आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपा (अर्थात जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही). जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दरवाज्याखालचे सिल, चाकावरच्या कमानी, फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, काचेच्या रबराखालची कड, स्प्रिंग जिथे बॉडीला टेकतात ती जागा, इथे टोचून बघा. अख्ख्या कामात सगळ्यात जास्त तास बॉडी खाते, त्यामुळे इंजिनवर खर्च करण्याआधी पत्र्याचं खरं चित्र समोर असू द्या. ते चित्र वाईट निघालं तरी बरंच, आज कळलेलं वाईट पेलता येतं, रंगाच्या आदल्या दिवशी कळलेलं पेलत नाही.

जागेचं गणित सगळ्यांचं चुकतं. खोललेली गाडी उभ्या गाडीच्या निदान दुप्पट जागा खाते, दरवाजे, बॉनेट, सीट, काचा, सस्पेन्शन सगळं कुठेतरी ठेवायचं असतं. आधी रॅक लावा, लाइट भरपूर लावा, ओल येत असेल तर तिचा बंदोबस्त करा. काचा उभ्या ठेवायच्या, आडव्या नाही, आणि त्यांच्या खाली कापड किंवा लाकूड. एक टेबल असं ठेवा ज्यावर फक्त चालू काम असेल, बाकी काही नाही.

आता खोलणं, आणि इथे जरा थांबून सांगतो कारण पुढची सगळी शिस्त इथेच ठरते. एका वेळी एकच सिस्टीम खोला. सगळी गाडी एका आठवड्यात उघडून टाकायचा मोह होतो, त्यात मजा पण येते, पण शक्यतो ती चाकांवर ढकलता येईल अशी ठेवा, कारण न हलणारी गाडी लवकरच सामान ठेवायची जागा होते. प्रत्येक पार्ट काढण्याआधी लांबून एक फोटो, जवळून एक, आणि बोल्ट काढल्यावर तो पिशवीसकट पार्टच्या शेजारी ठेवून आणखी एक. पिशवीवर मार्करने लिहिलेलं पेट्रोल किंवा थिनर लागलं की पुसलं जातं आणि मास्किंग टेप तेलकट वस्तूवरून निघून पडतो, म्हणून पिशवीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी पण टाका, पेन्सिल सहसा पुसली जात नाही. चिठ्ठीवर फक्त 'बोल्ट' लिहू नका, 'डावा पुढचा फेंडर, वरचे ४, मोठा वॉशर बाहेरून' असं लिहा. वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतील, उदाहरणार्थ वॉटर पंप किंवा टायमिंग कव्हर, तर पुठ्ठ्यावर त्या भागाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खुपसून ठेवा. पुशरॉड आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे पार्ट) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवायचे. क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप इंजिन ब्लॉकला बसवूनच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही, दिशाही उलटी चालत नाही, कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही तसंच, नंबर नसतील तर काढण्याआधी खूण करा. वायरिंगला दोन्ही टोकांना टॅग, आणि प्लगच्या वायरी काढण्याआधी डिस्ट्रिब्युटरचा वरून फोटो. सिल कापायचे असतील तर आधी दरवाज्यांच्या फटी मोजून लिहा आणि दाराच्या चौकटीत आतून लोखंडी टेका वेल्ड करा, नाहीतर बॉडी वाकते आणि मग दरवाजा कधीच धड लागत नाही. आणि जुना पार्ट कितीही खराब असला तरी नवा बसून काम करेपर्यंत फेकू नका, नवा आलेला पार्ट कित्येकदा थोडा वेगळा असतो आणि तेव्हा जुनाच नमुना म्हणून लागतो.

यानंतर 'आता उघडलंच आहे तर' या वाक्याची तयारी. क्लच बदलायला इंजिन काढलं, आता उघडलंच आहे तर इंजिनही बांधू, मग इंजिन बे रंगवू, मग वायरिंग नवीन टाकू. प्रत्येक पायरी पटते, म्हणूनच ती धोक्याची आहे. वहीत शेवटून एक पान 'नंतर' म्हणून ठेवा आणि अशी प्रत्येक कल्पना तिथे लिहा. ताबडतोब करायचं ते फक्त दोन बाबतीत, एक तर ते सुरक्षेशी जोडलेलं असेल, ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, किंवा नंतर करायला गेलं तर तेवढंच सगळं परत खोलावं लागणार असेल, जसं क्रँकचं मागचं ऑइल सील. बाकी सगळं त्या पानावर. ते पान भरत जाईल, भरू दे.

खरेदीचा क्रम कामाच्या क्रमाने ठेवा. आधी पत्रा आणि वेल्डिंग, मग रंगाआधी एकदा सगळं नुसतं बसवून बघणं, दरवाजे, बॉनेट, बंपर, काचेची रबरं, ट्रिम, म्हणजे ड्रिल आणि ठोकाठोकी रंगानंतर करावी लागणार नाही, मग रंग, मग फिटिंग. टायर आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे ४ आकडे तो कधी बनला ते सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, ते वय पडून राहिलं तरी वाढतं. नवीन पार्ट आला की त्याच दिवशी उघडून जुन्याशी ताडून बघा, वॉरंटी संपल्यावर चुकीचा निघाला तर कोणी परत घेत नाही. पैशाचं म्हणाल तर ठरवलेल्या रकमेचा मोठा हिस्सा, निदान तिसरा भाग, अचानक निघणाऱ्या खर्चासाठी आधीच बाजूला काढा, तो लागतोच. आणि खर्च खरा लिहा, घरच्यांना पण खरा सांगा, कारण लपवलेल्या खर्चाचं ओझं झालं की गाडीकडे जायचीच इच्छा होत नाही.

वहीत कामांच्या तीन याद्या असू द्या: पंधरा मिनिटांची, एका संध्याकाळची, आख्ख्या दिवसाची. थकून आलात तर पंधरा मिनिटांच्या यादीतलं एखादं, बिजागरी साफ करणं, बोल्टचे आटे टॅप-डायने (आटे पाडायच्या हत्यारांनी) साफ करणं, वायपरची मोटर पुसून ग्रीस लावणं. थकलेल्या हातांनी ब्रेकचं काम करू नका. रोजचं काम संपवताना शेवटची दहा मिनिटं आवराआवर आणि लिहिण्यासाठी राखून ठेवा: आज काय झालं, काय अडलं, पुढची पहिली पायरी कोणती. त्या पायरीला लागणारा पाना आणि पार्ट टेबलावर काढून ठेवूनच निघायचं. टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढा, रेघ नाही म्हणजे तो फक्त हाताने लावलेला आहे. फोन वाजला, कोणी हाक मारली, तरी हिशेब बिघडत नाही.

उत्साहासाठी माझा सगळ्यात विश्वास असलेला उपाय म्हणजे पूर्ण झालेल्या वस्तू. बॉडीच्या कामात महिनोन् महिने काही बदललेलं दिसत नाही, त्या काळात बाजूला एखादी छोटी गोष्ट शेवटपर्यंत न्या, हीटरचा डबा, कार्ब्युरेटर, स्टिअरिंग कॉलम, मीटरचा क्लस्टर, साफ करून, रंगवून, बांधून, पिशवीत सील करून रॅकवर. अशा चार-पाच वस्तू रॅकवर दिसायला लागल्या की गाडी पुरी होणार हे डोळ्यांनाच पटतं. दर महिन्याला एकाच जागेवरून एक फोटो काढा. तारखेचं टार्गेट ठेवू नका, दिवस ठरवा, आठवड्यातली अमुक संध्याकाळ गाडीची, आणि तीही घरात बोलून ठरवलेली. जमलं तर एक जोडीदार धरा, त्याला काही येत नसलं तरी चालेल, तो येणार म्हटल्यावर तुम्ही जाता आणि ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला, तर दुसरा माणूस फार उपयोगी पडतो.

सुरक्षेचं सामान पहिल्या दिवसापासून हवं. अग्निशामक हाताशी. वेल्डिंग झाल्यावर निदान तासभर तिथेच थांबा, आतल्या फोममध्ये किंवा जुन्या अंडरकोटमध्ये ठिणगी आत आत धुमसते. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी घरी वेल्ड करायची नाही. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी वेल्डिंग केलं तर विषारी फॉस्जिन वायू तयार होतो. जुन्या ब्रेक शू आणि क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, हवा मारू नका, ओलं करून पुसा. टू-के रंगात (हार्डनर मिसळून मारायच्या रंगात) आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात, साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि तशी जागा नसेल तर रंग पेंटरकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

खंड पडणारच आहे, तर त्याचीही यादी भिंतीवर लावून ठेवा. पेट्रोल काही महिन्यांतच खराब होतं आणि इथेनॉलवालं तर पाणीही ओढतं, म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करा. उघडा पत्रा एक रात्रही सोडू नका, एपॉक्सी प्रायमर मारा, बरेच साधे प्रायमर ओल आत जाऊ देतात. इंजिन उभं राहणार असेल तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा आणि अधूनमधून क्रँक पुलीवर पाना लावून हाताने फिरवा. इनटेक, सायलेन्सरचं तोंड, सगळी भोकं बंद, उंदीर आत घर करतात. बॅटरी काढून चार्ज करून ठेवा, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की परत चार्ज. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उघडलेला डबा ठेवू नका, तो हवेतलं पाणी ओढतो. कव्हर हवा खेळणारं घ्या, प्लास्टिकखाली दमट होऊन गंज धरतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी मोठं काम काढायचं नाही, पंधरा मिनिटांच्या यादीतलं एकच.

आणि शेवटचा टप्पा, ज्याचा हिशेब बहुतेक कोणी धरत नाही. गाडी दिसायला पुरी होते, पण फिटिंगची बारीक कामं, खिडकी अडकणं, इंडिकेटर न लागणं, कुठेतरी तेलाचा थेंब, यात महिने जातात. यासाठी वेगळं पान आणि वेगळा वेळ आधीच ठेवा. पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवत ऑइल प्रेशर आलेलं बघा. पहिल्या फेऱ्या जवळच्या, पाने आणि टॉर्च बरोबर, ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट परत टॉर्क करा, सस्पेन्शनचे बोल्ट तपासा, ब्रेकच्या जोडांना कोरडं कापड लावून ओल बघा, आणि नवीन बांधलेल्या इंजिनचं पहिलं ऑइल लवकर बदलून ते काढताना त्यात धातूचा चुरा दिसतो का ते उजेडात नीट बघा.