नाईट ड्युटीतली ती सुई

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला होते. मेडिसिन वॉर्ड, नाईट ड्युटी, पहाटेची सॅम्पल्स. एका आजोबांचं रक्त घेतलं आणि सुईला परत टोपण लावायला गेले. टोपण हुकलं, सुई ग्लोव्हमधून थेट डाव्या अंगठ्यात. टिपूसभर रक्त आलं. मी आधी काय केलं? कुणी पाहिलं का, ते बघितलं.

सुईला पुन्हा टोपण लावू नये, हे मी पेपरात नीट लिहिलं होतं हो! पण सुई कापायचं हब कटर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, हातात ट्रे आणि सात पेशंट बाकी. तेव्हा नव्याने वॉर्डात येणाऱ्यांनो, हब कटर आणि सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीवर घेतल्याशिवाय बेडपाशी जाऊच नका. सुई लगेच कापायची, सिरिंज लाल पिशवीत.

मग मी अंगठा पिळून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं. दोन्ही चूक. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बाकी काही नाही.

मावशींनी पाहिलं आणि जाऊन सिस्टरना सांगितलं. मला मावशींचा भयंकर राग आला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "ओरडायचं ते सकाळी ओरडेन. आधी कॅज्युअल्टीत जा."

घाई का, ते तिथे कळलं. एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या, म्हणजे पीईपी, शक्यतो दोन तासांत सुरू करायच्या. ७२ तास उलटले की उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. पहिला डोस तिथेच घेतला. आजोबांची परवानगी घेऊन त्यांचं रक्त तपासलं. एचआयव्ही निगेटिव्ह, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. हेपटायटिस बी मात्र पॉझिटिव्ह.

आपण सगळे एचआयव्हीला घाबरतो. पण बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण हजारात साधारण तिघांना होते. हेपटायटिस बीची, लस नसेल तर, शंभरात तिसापर्यंत. लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांना. माझे दोन झाले होते, तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहिला. त्यामुळे इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शन, राहिलेला डोस आणि मग सहा महिने तपासण्या. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत घरी आईला काही सांगितलं नाही. तुम्ही अॅडमिशनच्या वर्षीच तिन्ही डोस संपवा आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तात अँटीबॉडीज किती तयार झाल्या ती तपासणी, करून घ्या. १० किंवा जास्त हवा.

हात धुणं, मास्क हे सगळं तुम्हाला शिकवतातच. एकच सांगते, ग्लोव्ह घातले म्हणून हात धुणं सुटत नाही. ग्लोव्ह काढल्यावरही धुवायचेच.

सकाळी सिस्टरनी प्रिकचं, म्हणजे सुई टोचल्याच्या नोंदींचं, रजिस्टर काढलं. त्या वर्षातली माझी नोंद पहिलीच होती. दुपारी होस्टेलवर बॅचच्या दोघी हळूच खोलीत आल्या. "आम्हालाही टोचली होती गं," एक म्हणाली, "मार्चमध्ये."