आधी ढब, मग रंग

समुद्री पक्ष्यांचा गाइड व्हायचंय असं म्हणणारे बहुतेक जण आधी कॅमेऱ्याबद्दल विचारतात. मी उलट विचारते, बोट लागते का? मला लागायची, अजूनही कधीतरी लागते. गोळी किनाऱ्यावरच घ्यायची. पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

हलत्या डेकवरून, डोळ्यांवर येणाऱ्या उजेडात पिसांचे रंग कुठले दिसायला! उडण्याची ढब ओळखायची. अल्बट्रॉस पंख ताठ ठेवून वाऱ्यावर चढतो आणि तसाच घसरत खाली येतो. शिअरवॉटर चार फडके मारून लाटेला चाटून जातो. विल्सनचा स्टॉर्म पेट्रल पाय सोडून पाण्यावर चालल्यासारखा दिसतो. हे नेहमीचे पक्षी कंटाळा येईपर्यंत पाहिले, की वेगळा आपोआप खटकतो.

न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रल हा पक्षी एकोणिसाव्या शतकातल्या तीन नमुन्यांपुरताच माहीत होता, नामशेष म्हणूनच धरलेला. २००३ मध्ये पक्षिनिरीक्षकांनी बोटीवरून त्याचे फोटो काढले. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या हौतुरू बेटावर त्याची वीण सापडली. तेव्हापासून धूसर फोटोसुद्धा मी खोडत नाही.

पहिल्या फेरीत मी नुसतीच "तो बघा, तो बघा!" ओरडत होते. लोक दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत पक्षी गायब. दिशा घड्याळाच्या तबकडीसारखी सांगायची: बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा. "दोन वाजता, क्षितिजाखाली, डावीकडे चाललाय" एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे.

रात्री दिव्यांना भुलून पेट्रल डेकवर आपटतात. असा सापडला तर पुठ्ठ्याच्या कोरड्या खोक्यात, अंधारात ठेवायचा आणि दिवे मालवून सोडायचा. मूठभर जीव, पण त्याचा तेलकट, उग्र वास हाताला चिकटून राहतो. मला तो आवडतो, घरच्यांना नाही.

संवर्धनाचं काम मात्र बहुतेक वेळा मासेमारीपाशी येऊन ठेपतं. लाँगलाइनच्या, म्हणजे असंख्य गळ लावलेल्या लांबच लांब दोरीच्या, गळाला लावलेल्या आमिषावर अल्बट्रॉस झेपावतो, अडकतो, बुडतो. वीण करताना तो एकच अंडं घालतो, पिल्लाला आई-बाप दोघंही लागतात; एक गेला की पिल्लूही जातं. उपाय साधे आहेत: बोटीमागे फडफडत्या फितींच्या दोऱ्या, लवकर बुडणारे वजनदार गळ, रात्रीची मासेमारी. हे सांगायला जाताना मच्छीमारांना खलनायक ठरवून जाऊ नका. पक्ष्याने पळवलेलं आमिष त्यांच्याही खिशातूनच गेलेलं असतं, बोलणं तिथून सुरू करा.